मालिका नक्की कुणाच्या हातात असते?

पानापानावर

मालिका भरकटली की प्रेक्षक लेखकाला बोल लावतात. चालली की नायिकेचं कौतुक होतं, वाहिनीचं होतं. मी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते आणि रोज लिहायला बसताना एक प्रश्न डोक्यात असतो, तो आज इथे मांडते. आपल्या मराठी मालिकेची कथा शेवटी कुणाच्या हातात असते? हे अमक्याने ठरवलं, पुढे काय होणार ते त्याला ठाऊक आहे, बिघडलं तर तो जबाब देईल, असं एका माणसाकडे बोट दाखवून म्हणता येतं का?

माझ्या अनुभवात, नाही. आपल्या मालिका सुरुवातीला इतक्या छान असूनही चार-सहा महिन्यांत का विस्कटतात, याचं मूळ मला तिथेच दिसतं.

अमेरिकेत या माणसाला शोरनर म्हणतात. हल्ली आपल्या वेबमालिकांच्या मुलाखतींतही हा शब्द येतो. हा माणूस बहुतेक वेळा लेखक असतो आणि मालिकेची मूळ कल्पनाही पुष्कळदा त्याचीच असते. पण लिहून दिलं आणि सुटला असं त्याचं नसतं. सोबतचे लेखक तो निवडतो, त्यांना घेऊन रोज एका खोलीत बसतो, सगळ्या सीझनची कथा भिंतीवर कार्डं लावून मांडतो, मग एकेक भाग एकेकाला वाटून देतो. आलेल्या प्रत्येक खर्ड्यावर शेवटचा हात त्याचा फिरतो. पात्रनिवड त्याच्या संमतीने होते, खर्चाचा हिशेब त्याच्यापुढे येतो, एडिटला तो बसतो आणि वाहिनीकडे जाणारी प्रत त्याने हो म्हटल्यावर जाते. दिग्दर्शक त्या त्या भागापुरता येतो, पुढच्या भागाला दुसरा असतो. श्रेयनामावलीत मात्र हे काम सहसा वेगळं दिसत नाही. 'एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर' म्हणून जी चार-सहा नावं येतात त्यात त्याचं नाव असतं.

आता आपल्याकडचं सांगते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कथाकार पुढच्या आठवड्याची वनलाइन, म्हणजे प्रसंगांचा थोडक्यात आराखडा, लिहितो. ती निर्मितीसंस्थेच्या क्रिएटिव्हकडे, म्हणजे तिथे कथेवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाकडे जाते, तिथून वाहिनीच्या ईपीकडे (हा वाहिनीचा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, मालिकेवर वाहिनीतर्फे देखरेख करणारा), तिथून त्यांच्या वरच्यांकडे. प्रत्येक मुक्कामाला काहीतरी बदलतं. पटकथा होऊन माझ्याकडे पोचते तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात, आणि सकाळी सातच्या शिफ्टला सेटवर पानं हवी असतात.

एक सीन सांगते. सून पहिल्यांदा सासूला नाही म्हणते, असा तो होता. आमची कथा कित्येक आठवडे त्या क्षणाकडे चालत आली होती. हळदीकुंकू आहे, घर बायकांनी भरलंय, वाणाची ताटं मांडलीयत, आणि सगळ्यांदेखत सून म्हणते, "आई, हे मी नाही करणार." पानं गेली. अकराच्या सुमारास सेटवरून फोन आला. सासूचं काम करणाऱ्या ताईंचा शिवाजी मंदिरला चारचा प्रयोग आहे, गोरेगावहून दादर गाठायचं तर त्या दोनला निघणार, जमलेल्या बायकांचे शॉट झालेत, पण समोरासमोरचा सीन काही निघायचा नाही. तर तेवढं फोनवर करून द्या. म्हणजे घरात हळदीकुंकू, आणि घरची सासूच बाहेर गेलेली! ताईंचा यात काडीचा दोष नाही, त्यांनी तारीख महिनाभर आधी कळवली होती. दिग्दर्शकाला दिवसाचं फुटेज द्यायचं होतं, प्रॉडक्शनवाल्यांनी शंभर जणांचं जेवण सांगितलं होतं, क्रिएटिव्हला टेलिकास्ट गाठायचा होता. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. पण "हा सीन आज नको, परवा करू, आज दुसरं काहीतरी शूट करा" एवढं म्हणायचा अधिकार असलेला एकही माणूस त्या फोनवर नव्हता.

मला तो माणूस हवाय. तुम्हाला काय वाटतं?

सबटायटल

उत्तम विषय. बाहेरच्या मालिका बऱ्याच बघतो, त्यामुळे तुमच्या मुद्द्याला दोन उदाहरणं जोडतो.

'ब्रेकिंग बॅड'चे ६२ भाग. त्यातले मोजकेच व्हिन्स गिलिगनने स्वतः दिग्दर्शित केले, लिहिलेही थोडेच. तरी पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत एकाच माणसाची नजर जाणवते. जेसी हे पात्र पहिल्या सीझनच्या शेवटी मारायचं असं त्याच्या मनात होतं. त्या नटाचं काम बघून त्याने बेत बदलला आणि ते पात्र मालिकेचा अर्धा कणा झालं. म्हणजे बेत तिथेही बदलतात. फक्त बदलणारा आणि मूळ बेत आखणारा एकच असतो, त्यामुळे एक धागा काढला तर दुसरीकडे काय उसवेल हे त्याला कळतं.

दुसरं 'द वायर'. डेव्हिड सायमन हा बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रातला गुन्हेवार्ताहर, आणि त्याचा जोडीदार एड बर्न्स आधी पोलिसात होता, मग शाळेत शिक्षक. पाच सीझन, ६० भाग, प्रत्येक सीझनला शहराचा वेगळा कोपरा: अमली पदार्थांचा धंदा आणि पोलिस, गोदी, महापालिकेचं राजकारण, शाळा, शेवटी वर्तमानपत्र. एका शहराबद्दल काय म्हणायचंय हे आधीच पक्कं असल्याशिवाय अशी मांडणी होत नाही. मुंबईवर असं कुणी करावं, गोदी, गिरणी, झोपडपट्टी पुनर्वसन योजना, महापालिका शाळा असे एकेक सीझन घेऊन, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

गिरगावकरीण

मी निव्वळ प्रेक्षक. घरात संध्याकाळी सातपासून टीव्ही चालू असतो, सासूबाई आणि मी भाजी निवडता निवडता बघतो. तुमच्या धंद्यातलं मला कळत नाही, पण एक सांगते. सासूबाईंना माणसं लक्षात असतात. "अगं, ही तर म्हणाली होती मी माहेरी पाऊल टाकणार नाही, मग आज कशी गेली?" असं त्या लगेच विचारतात. पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांना जे आठवतं ते मालिकेत कुणालाच आठवू नये, याचं फार वाईट वाटतं. त्या पात्रांसाठी देवाला हात जोडतात हो.

माजी_ईपी

मी वाहिनीच्या बाजूने हे काम केलंय, तेव्हा पलीकडचं लिहितो. ईपी म्हणजे कथेचा वैरी असं चित्र इथे उभं राहतंय, ते मला मान्य नाही.

आधी पैसा बघा. दैनंदिन मालिका वाहिनी करवून घेते. निर्मात्याला भागामागे ठरलेली रक्कम मिळते, हक्क बहुतेक वेळा वाहिनीकडे राहतात. मालिका पडली तर स्लॉट वाहिनीचा जातो, जाहिरातीचे दर वाहिनीचे उतरतात, आणि साडेसातची पडली की तिच्या मागची आठचीही ओढली जाते. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात. प्रेक्षक कोणत्या मिनिटाला उठून दुसरीकडे गेला तेही त्यात बघता येतं. ते समोर ठेवून मी लेखकाला "हा ट्रॅक (म्हणजे हे उपकथानक) आवरा" म्हणतो तेव्हा माझ्या मनात त्याचा अपमान नसतो. सेटवरच्या शे-दीडशे माणसांचा रोजगार चालू ठेवायचा असतो.

दुसरं, वेग. अमेरिकेतला सीझन दहा-तेरा भागांचा, जुन्या पद्धतीचा असेल तर बावीसेक. आपल्याकडे आठवड्याला सहा भाग, मध्ये महाएपिसोड आला की त्याहून जास्त. वर्षाला तीनशे. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले. हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी'चे २००० ते २००८ या काळात १८३३ भाग. एवढी कथा एका माणसाच्या डोक्यात राहत नाही. कथा, पटकथा, संवाद अशी वाटणी या वेगातून आली आहे.

आणि प्रेक्षकाचं ऐकणं वाईट कसं? 'क्योंकि'मध्ये मिहिरला मारला, देशभर लोक चिडले, आणि मिहिर परत आला. तिथे आखलेल्या बेताला चिकटून बसले असते तर एवढा मोठा प्रेक्षक दुखावला असता.

पानापानावर

माजी_ईपी, मनापासून लिहिलंत, आभार. रोजगाराचा मुद्दा मी कधीच हलका समजणार नाही, माझं घरही त्यावरच चालतं.

पण तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. 'क्योंकि'ला एकता कपूर होती. त्या मालिकांबद्दल कुणाचं मत काहीही असो, त्यांत शेवटचा शब्द कुणाचा याबद्दल कुणाला शंका नव्हती. वाहिनी, नट, लेखक, सगळ्यांना माहीत होतं की उत्तर एका ठिकाणी मिळेल. मिहिर गेला आणि मिहिर परत आला, दोन्ही वेळा कथेचा भार घेणारं कुणीतरी होतं. १८३३ भाग एका डोक्यात राहत नाहीत हे खरं. पण १८३३ भागांत कोण कुणाशी कसं वागेल हे एकाला ठाऊक असू शकतं, आणि मी तेवढंच मागतेय. रोजचे संवाद त्याने लिहावेत असं नाही.

गिरगावकरीण ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या विचारतात तोच प्रश्न मला सीन लिहिताना पडतो. मी पटकथाकाराला विचारते, तो म्हणतो वरून आलंय.

टाइमलाइन

एडिटर आहे, अंधेरीत बसतो. इथे कुणी एडिटच्या खोलीबद्दल लिहीत नाही म्हणून मी लिहितो, कारण मालिका कुणाच्या हातात आहे ते या खोलीत अगदी स्पष्ट दिसतं.

एक सीन होता. नवरा गेल्यावर बायको त्याचा शर्ट घडी घालून कपाटात ठेवते. संवाद नाही. नटीने घडी घातली, खिशात हात घातला, लोकलचं तिकीट निघालं, तिने ते बघितलं आणि परत खिशात ठेवलं. मी तो शॉट न कापता ठेवला. संगीतसुद्धा नव्हतं, बाहेरचा कावळा तेवढा ऐकू येत होता. युनिटच्या दिग्दर्शकाने बघितलं, म्हणाला हात लावू नकोस. तो दुसऱ्या दिवशी सेटवर गेला, कारण त्याला पुढचा भाग उचलायचा होता. मग क्रिएटिव्हचा निरोप, लांबलंय, अर्धं कर. मग वाहिनीचं करेक्शन, तिकिटावर क्लोजअप तीनदा मारा, खाली बासरी टाका, आणि नवऱ्याचा फ्लॅशबॅक घाला. सगळं केलं. तिघांपैकी कुणीही एकमेकांशी बोललं नव्हतं. लेखकाचा तर मला नंबरही माहीत नव्हता. त्या तिकिटाचा कथेत पुढे काही उपयोग आहे का, हे विचारायचं कुणाला? क्लोजअप तीनदा मारला म्हणजे प्रेक्षक धरून बसणार की तिकिटाचं काहीतरी रहस्य आहे. पुढे काहीच नव्हतं.

लिहिणारा आणि कापणारा यांच्यामध्ये एक माणूस असावा, जो दोन्हीकडे बसतो. माझं एवढंच मागणं.

तिसरी घंटा

मी नाटकवाला. नाटकात हा प्रश्न नाही, दिग्दर्शक म्हणेल ते. मालिकेतही दिग्दर्शकालाच हे स्थान द्यायला हवं असं माझं मत आहे. आपल्याकडे तशी परंपरासुद्धा आहे. दूरदर्शनवर श्याम बेनेगलांनी १९८८ मध्ये 'भारत एक खोज'चे ५३ भाग केले, लेखक, संशोधक, नट सगळे एका दिग्दर्शकाभोवती जमलेले. अल्फा मराठीच्या (आताच्या झी मराठीच्या) सुरुवातीच्या काळातली प्रतिमा कुलकर्णींची 'प्रपंच' आठवा. केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा, मुळात प्रभाकर पणशीकरांच्या पिढीपासून नाटक बघणाऱ्या घरांनाही ती आपली वाटली. दिलीप प्रभावळकरांचं 'अनुदिनी' हे पुस्तक तिच्या मुळाशी होतं, ती आठवड्याला एकदा लागायची, आणि टिपरे आजोबा एका भागात एक आणि दुसऱ्यात दुसरं असं कधी वागले नाहीत.

पानापानावर

तिसरी घंटा, ही सगळी उदाहरणं मला प्रिय आहेत. पण साप्ताहिक मालिकेत दिग्दर्शकाला लेखकासोबत बसायला वेळ होता. आजच्या दैनंदिन मालिकेचा दिग्दर्शक सकाळी सातला सेटवर उभा राहतो आणि रात्री सात-आठला सुटतो, कधी दोन युनिटं लागतात तेव्हा दोन दिग्दर्शक दोन मजल्यांवर एकाच भागाचे वेगवेगळे सीन घेत असतात. पुढच्या तीन महिन्यांची कथा त्याने कधी बघायची? त्याच्याकडे उद्याची पानंसुद्धा नसतात. म्हणून मी लेखक म्हणते. जो सेटवर अडकलेला नाही आणि ज्याला मागचं सगळं आठवतं, असा.

टाइमलाइन, तुमच्या तिकिटाने जीव हळहळला.

मेकअपरूम

मी मालिकांत काम करते, बहुतेक वेळा नणंद, कधी मैत्रीण. आमच्या बाजूनेही एक सांगते.

एप्रिल २०२१ मध्ये राज्यात चित्रीकरणं बंद झाली तेव्हा कितीतरी मालिका रातोरात गोव्याला, दमणला, सिल्वासाला, हैदराबादला गेल्या. आमचीही गेली. आधी काढून ठेवलेल्या भागांची बँक जेमतेम दोन-तीन भागांची होती. एका रिसॉर्टमध्ये सगळं युनिट. वाड्यात राहणारं आमचं कुटुंब अचानक रिसॉर्टमध्ये का, याचं कारण कथेला हवं होतं. पहिल्या दिवशी आम्हाला सांगितलं, देवदर्शनाला आलोय. दुसऱ्या दिवशी नवी पानं आली, त्यात घर दुरुस्तीला काढलंय म्हणून आलो होतो. मी दोन्ही वाक्यं बोलले, दोन्ही प्रक्षेपित झाली. मेमध्ये गोव्यातही चित्रीकरण थांबलं, मग परत पळापळ.

त्या काळात सगळेच जिवावर उदार होऊन काम करत होते, तक्रार कुणाविरुद्ध नाही. पण नट म्हणून मला कुणाला तरी विचारायचं होतं की मी या घरावर चिडलेली आहे की नाही, कारण मागच्या आठवड्यात मी वाटणी मागितली होती. दिग्दर्शक म्हणाले क्रिएटिव्हला विचार. क्रिएटिव्ह म्हणाली वाहिनीकडून कळवते. कळलं नाही. मग मी अर्धी चिडलेली अशी उभी राहिले, आणि ते पडद्यावर दिसतं. पात्र कुठून आलंय आणि कुठे चाललंय हे सांगणारा एक माणूस फोनवर जरी असला तरी नटाचं निम्मं काम हलकं होतं.

माजी_ईपी

मेकअपरूम, तो काळ मलाही आठवतो. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे आणि वाचून मी गप्प झालो.

एक विचारतो, वाद म्हणून नव्हे. असा माणूस आणायचा कुठून? आमच्याकडे येणारे चांगले लेखक एडिटला कधी बसलेले नसतात, शेड्यूल कसं लागतं ते त्यांना माहीत नसतं. एका दिवसाचा खर्च किती, लोकेशन बदललं तर काय होतं, हे न कळणाऱ्याच्या हातात मालिका दिली तर चौथ्या दिवशी बंद पडेल. मी एका लेखकाला पावसातला सीन काढून टाका म्हणालो तर तो रुसला. टँकर, जनरेटर, कपड्यांचे जोड, ओले केस वाळायला लागणारा वेळ, हे सगळं कुणीतरी त्याला दाखवायला हवं होतं.

सबटायटल

माजी_ईपी, अगदी हाच प्रश्न अमेरिकेतल्या लेखकांनी २०२३ च्या संपात घेतला होता. २ मे ते २७ सप्टेंबर, १४८ दिवस. बाहेर चर्चा पैशाची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची जास्त झाली, पण एक मोठी मागणी लेखकांच्या खोलीबद्दल होती. ओटीटी कंपन्या थोडेसे लेखक थोड्या आठवड्यांसाठी बोलवायच्या, कथा लिहून घ्यायच्या आणि चित्रीकरण सुरू व्हायच्या आत त्यांना घरी पाठवायच्या. मग नवा लेखक सेट बघणार कधी? आणि सेट न बघता उद्या मालिका चालवणार कशी? करारात भागांच्या संख्येनुसार किमान किती लेखक ठेवायचे ते ठरलं, आणि काहींना चित्रीकरणाच्या काळातही कामावर ठेवायचं ठरलं. त्यांची संघटना शोरनर होऊ घातलेल्यांसाठी वेगळं प्रशिक्षणही चालवते. तिथेही ही माणसं आभाळातून पडत नाहीत, तयार करावी लागतात.

आपल्या ओटीटीवर याची सुरुवात झाली आहे. २०१८ च्या 'सेक्रेड गेम्स'ला विक्रमादित्य मोटवानी शोरनर होते, लेखकांची तुकडी वेगळी, दिग्दर्शक वेगळे. 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन रिची मेहतांनी कल्पनेपासून दिग्दर्शनापर्यंत सांभाळला आणि २०२० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. मराठी दैनंदिन मालिकेपर्यंत हे यायचंय.

पानापानावर

माजी_ईपी, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर तुमच्याच पावसाच्या सीनमध्ये आहे. त्या लेखकाला टँकरचं बिल दाखवलं असतं तर त्याने स्वतः तो सीन आडोशाला आणला असता, आणि कदाचित जास्त चांगला लिहिला असता. मला एकदा एका भल्या प्रॉडक्शन कंट्रोलरने अख्ख्या दिवसाचं शेड्यूल समजावून सांगितलं. स्वयंपाकघराचा सेट एकदा लाइट केला की तिथले चार भागांचे सगळे सीन सलग काढतात, मग दिवाणखाना. तेव्हापासून मी लिहिताना स्वयंपाकघरात कोण कोण लागेल ते आधी बघते. कथा तसूभरही बिघडत नाही. पण हे ज्ञान मला एका माणसाच्या चांगुलपणाने मिळालं, कामाचा भाग म्हणून मिळालं नाही.

म्हणून मला वाटतं, मोठ्या पदाची वाट बघत बसण्यापेक्षा कथा लिहिणाऱ्याला दोन जागा द्याव्यात. आठवड्यातून एकदा एडिटला बसायला, आणि गुरुवारचे आकडे येतात त्या बैठकीला. आज आकडे आमच्यापर्यंत येतात ते "लोकांना आवडलं नाही" एवढ्या वाक्यात. कोणत्या मिनिटाला लोक उठले हे मला दिसलं तर मी सांगू शकेन की लोक सुनेवर नाराज नाहीत, मधला तो न संपणारा स्वयंपाकघरातला सीन त्यांना नको होता. ट्रॅक मारायची गरजच नसते कित्येकदा.

गिरगावकरीण

हे वाचून सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्या मुलीला बसू दे की बैठकीला."

कलम१९

वकील आहे, लेखकांचे करार वाचणं हा रोजचा भाग. इथे सगळे कामाबद्दल बोलताहेत, मी कागदाबद्दल लिहितो, कारण अधिकार शेवटी कागदावर असतो.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यामुळे चित्रकृतीत, म्हणजे चित्रपटात वा मालिकेत, वापरलेल्या लेखनाच्या लेखकाला रॉयल्टीचा हक्क मिळाला, आणि तो हक्क तो निर्मात्याला लिहून देऊ शकत नाही, सोडूनही देऊ शकत नाही. चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाचा अपवाद आहे, टीव्ही त्या अपवादात येत नाही. तरीही करारात "सर्व हक्क, कायमचे, सर्व माध्यमांत" अशी ओळ असते आणि लेखक सही करतो. हे पैशाबद्दल झालं. कथा कुणी ठरवायची याबद्दल कायदा काही सांगत नाही, ते करारातच लिहून घ्यावं लागतं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी करारांत लेखकाची कर्तव्यं दोन पानं असतात, "निर्माता वा वाहिनी सुचवेल ते बदल लेखक मुदतीत करून देईल" हे तर ठळक अक्षरांत, आणि कोणता बदल त्याला आधी कळवायचा याबद्दल शब्द नसतो.

मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. सभासद व्हा, वनलाइन आणि कथेचा आराखडा तिथे नोंदवा, वाद झाला तर त्यांची तंटा निवारण समिती आहे. मराठी मालिकांत लिहिणारे पुष्कळ तरुण हे करत नाहीत, हिंदीवाल्यांसाठी आहे असं समजतात. तसं नाही.

पानापानावर

कलम१९, हा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावणार आहे. एक विनंती, वनलाइन आणि एडिटबद्दल करारात नेमकी कशी ओळ घालायची ते साध्या मराठीत लिहाल का? पुढच्या महिन्यात माझ्यासमोर नवा करार येतोय, यावेळी कथा आणि संवाद दोन्ही माझ्याकडे आहेत.

कलम१९

लिहितो. करार बघितल्याशिवाय हा सल्ला पुरा समजू नका.

"मंजूर झालेल्या कथाआराखड्यात पात्राचा मृत्यू, विवाह, घर सोडून जाणे वा स्वभावातील मूलभूत बदल करावयाचा असल्यास निर्माता तो लेखकास किमान सात दिवस आधी लेखी कळवील आणि लेखकाचे म्हणणे लेखी नोंदवून घेईल. प्रत्येक आठवड्यात किमान एका भागाचे संकलन वाहिनीकडे पाठवण्यापूर्वी लेखकास दाखवले जाईल. प्रेक्षकसंख्येच्या साप्ताहिक आढावा बैठकीस लेखकास बोलावले जाईल."

नकाराधिकार मागू नका, तो मिळणार नाही आणि करार तिथेच अडेल. कळवणं आणि दाखवणं मागा. सात दिवस जास्त वाटले तर तीनवर या, पण 'लेखी' हा शब्द सोडू नका.

माजी_ईपी

वाहिनीच्या खुर्चीतून सांगतो, पहिली दोन वाक्यं जातील. तिसऱ्यावर म्हणतील की आकडे गोपनीय असतात. तेव्हा गोपनीयतेच्या कलमावर वेगळी सही द्यायची तयारी ठेवा, म्हणजे तेही कारण उरणार नाही. आणि बैठकीला गेलात तर पहिल्या वेळी त्या मिनिटाच्या आलेखाची छापील प्रत मागा, प्रत्येक सीनच्या समोर वेळ लिहून. मी असताना कुणी मागितली नव्हती. मागितली असती तर दिली असती.

पानापानावर

दोघांचंही लिहून घेतलं. करारावर बोलणी झाली की काय राहिलं आणि काय गळलं ते इथेच कळवते.